चुलीपाशी कोळसा, दुपारी पोस्टर रंग, आणि पाण्याच्या रंगासाठी अर्धा तास

आज आम्ही चित्र काढण्याबद्दल बोलणार आहोत. हा विषय ठरला तेव्हा आमच्याच गटातल्या एका वहिनींनी विचारलं, "रेडिओवर चित्र दिसणार कसं?" प्रश्न बरोबर आहे. दिसणार नाही. पण कोळसा हातात कसा धरायचा, रंगात डिंक किती घालायचा, कागद ओला झाला की काय करायचं, हे कानांनी ऐकूनही कळतं. आपल्या आज्या चौक काढायला शिकल्या, त्यांच्याकडे तरी कुठे पुस्तक होतं?

आम्ही सात-आठ जणी आहोत, जव्हार आणि मोखाड्याच्या पाड्यांवरच्या. चित्रकलेची शाळा कुणी पाहिलेली नाही. दोघींनी शाळेत असताना एलिमेंटरीची परीक्षा दिली होती, तेवढंच. आम्ही चित्रं काढतो ती आपल्यासाठी. गटातर्फे पिशव्यांवर, कंदिलांवर वारली नक्षी काढून विकणं वेगळं, त्याचा हिशोब वहीत असतो. आज त्या कामाबद्दल बोलायचं नाही.

आधी थोडं मागचं सांगतो. वारल्यांच्या लग्नात चौक काढायचं काम सवाशिणींचं. भिंत शेणानं सारवायची, गेरू लावायचा, तांदूळ भिजवून वाटायचे आणि बांबूच्या काडीचं टोक चावून त्याची कुंची करायची. चौकात पालघाट देवी बसते, धवलेरी गाणी म्हणते. लग्न झालं की ते चित्र तसंच भिंतीवर राहतं, धुरकट होतं आणि पुढच्या सारवणात जातं. कुणी त्याखाली नाव लिहीत नव्हतं, आणि ते जपून ठेवावं असंही कुणाच्या मनात येत नव्हतं.

मग १९७० नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी डहाणू भागात आले, कागद आणि रंग दिले, आणि चित्रं भिंतीवरून कागदावर उतरली. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे तेव्हापासून पुढं आले. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन झालं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांचं मुंग्यांचं, मासेमारीच्या जाळ्याचं काम बघितलं की हात जोडावेसे वाटतात. ते लग्नाची वाट बघत थांबले नाहीत. रोज बसून चित्र काढत राहिले.

आमचं घोडं इथंच अडतं. रोज बसणार कोण? पाणी, सरपण, भात लावणी, मुलं, दिवाळीनंतर वीटभट्टीवर नाहीतर नाशिककडं द्राक्षाच्या बागेत. चौक काढणारे हात बायकांचे होते, आणि चित्र कागदावर आलं तेव्हा ज्याला रोज बसायला मिळालं त्याचा हात पुढं गेला. यात कुणाचा दोष काढायचा नाही. पण आम्ही जेव्हा चित्रं काढायला लागलो तेव्हा लक्षात आलं, की रंग आणि कागद यांच्याआधी वेळेचा विचार करावा लागतो. कोळसा, पोस्टर रंग आणि पाण्याचे रंग या तीन साधनांना वेगवेगळ्या प्रकारचा वेळ लागतो. शाळेत मुलांना आधी पाण्याच्या रंगाची पेटी देतात. घर सांभाळणाऱ्या बाईनं उलट्या क्रमानं जावं, असं आमचं मत झालं आहे. का, ते सांगतो.

कोळशापासून सुरू करू. कोळशाचं चित्र कधीही सोडता येतं. दूध उतू गेलं, पोर रडलं, कुणी हाक मारली, हात पुसायचा आणि उठायचं. तासानं परत या, चित्र जिथं सोडलं तिथंच असतं. वाळत नाही, ओघळत नाही, बिघडत नाही. भाकरी तव्यावर असताना दहा मिनिटं मिळतात, तेवढ्यात एक हात, एक घमेलं, बसलेल्या आजीची पाठ काढून होते.

कोळसा म्हटलं की आपल्याकडं वेगळीच आठवण होते. कातकरी आणि इतरही कितीतरी कुटुंबं कोळशाच्या भट्ट्यांवर राबली आहेत, उचल घेऊन गेली आणि उचल फिटेना म्हणून तिथंच राहिली. आमच्यातल्या एका काकूंचं लहानपण तसंच गेलं. पहिल्या दिवशी त्यांच्या हातात कोळशाची कांडी दिली तर त्या म्हणाल्या, "हे काळं हात धुऊन धुऊन जायचं नाही, तेव्हा मी शपथ घातली होती की परत हात लावणार नाही." दोन आठवडे त्या नुसत्या बघत बसल्या. मग एक दिवस त्यांनी भट्टीच काढली, मातीनं लिंपलेली, वरून धूर निघणारी. आमच्या सगळ्या चित्रांत तेवढं एकच चित्र असं आहे, की ते बघितलं की धुराचा वास येतो.

चुलीतला कोळसा चालतो, पण तो ठिसूळ असतो, मध्येच कडक दाणा लागून कागद फाटतो. चांगली कांडी घरी करता येते. बाहेर देशात त्यासाठी वेलीच्या आणि वाळुंजाच्या काड्या वापरतात. वेल म्हणजे द्राक्षाची! आपल्यातल्या बायका नाशिककडं द्राक्षाच्या छाटणीला जातात, ऑक्टोबरात गोडी छाटणी आणि एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी. छाटलेल्या काड्यांचे ढीग बांधावर पडून असतात. मालकाला विचारून एक मोळी आणा, कुणी नाही म्हणत नाही.

पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या निवडायच्या, वितीपेक्षा थोड्या कमी लांबीच्या तोडायच्या, साल काढायची आणि पूर्ण वाळवायच्या. घट्ट टोपणाचा पत्र्याचा डबा घ्यायचा. त्याच्यावर रंग असेल तर तो आधी रिकामाच जाळून घ्यायचा, कारण त्या रंगाचा धूर वाईट. काड्या उभ्या, अगदी दाटीनं भरायच्या, म्हणजे आत हवेला जागा राहत नाही. टोपणाला खिळ्यानं एकच भोक पाडायचं. डबा अंगणातल्या चांगल्या पेटलेल्या आगीत ठेवायचा. भोकातून आधी पांढरा दाट धूर येतो, कधी त्याला ज्योतही लागते, घाबरायचं नाही. धूर यायचा थांबला की काम झालं. घड्याळ बघू नका, धूर बघा. मग डबा बाहेर काढून थंड होऊ द्यायचा. पूर्ण थंड, म्हणजे रात्रभर. आम्ही पहिल्यांदा घाई केली. गरम असतानाच टोपण उघडलं, हवा आत शिरली आणि डोळ्यांदेखत सगळ्या काड्यांची राख झाली. आत हवा नव्हती म्हणूनच तर लाकूड जळून न जाता त्याचा कोळसा झाला होता.

कागद गुळगुळीत नको. झेरॉक्सच्या कागदावर कोळसा घसरतो. दुकानात सामान बांधायचा खाकी कागद उत्तम. तो आधीच मातकट असतो, त्यावर कोळसा काळोख देतो आणि शाळेतला खडू उजेड देतो. चेहरा काढायचा तर दिवा एका बाजूला ठेवा आणि डोळे किलकिले करून बघा. नाक, ओठ, पापण्या दिसेनाशा होतात आणि अंधार कुठं, उजेड कुठं एवढंच उरतं. आधी तो अंधार काढा. नाक आपोआप येतं. लाइट गेली की आमच्याकडं हा वर्ग फार छान चालतो, आणि लाइट जातेच.

आणखी एक गंमत. कोळशात खोडणं हेही काढणंच आहे. सगळा कागद काळा करायचा आणि मग कापडानं, खोडरबरानं उजेड पुसून बाहेर काढायचा. रबर यायच्या आधी युरोपात चित्रकार पावाचा मऊ भाग त्यासाठी वापरत. आम्ही भाकरी वापरून पाहिली. नाही जमत, कण पडतात.

आता पोस्टर रंग. चित्रकार लोक यालाच गुआश म्हणतात, म्हणजे पाण्यात कालवलेला पण अपारदर्शक रंग. खालचं झाकतो. गडद रंगावर फिका बसतो. हे ऐकल्यावर आमच्यातली एक म्हणाली, "मग तांदळाचं पीठ काय वेगळं करतं?" खरंच काही वेगळं करत नाही. गेरूच्या लाल भिंतीवर पांढरं चढवायचं, म्हणजे गडदावर फिकं. जिला चौक काढता येतो तिला पोस्टर रंगाची अर्धी विद्या आधीच येते.

या रंगाला मध्यम वेळ लागतो. तो लवकर वाळतो, वाळला की थांबून राहतो, आणि चुकलं तर वरून दुसरा हात देता येतो. दुपारी जेवणं आटोपल्यावर अर्धा-पाऊण तास मिळतो, त्यात एक तुकडा करायचा, उरलेला उद्या. मात्र एक लक्षात ठेवा. वाळल्यावर रंग बदलतो, फिके रंग जरा गडद होतात आणि गडद रंग जरा फिके. म्हणून काल अर्धं रंगवलेलं आभाळ आज पूर्ण करताना, आधी रद्दी कागदावर एक ठिपका देऊन वाळू द्या आणि मगच पुढं जा. नाहीतर आभाळाला ठिगळ लावल्यासारखं दिसतं.

तांदळाचं पीठ नुसतं पाण्यात कालवून कागदावर लावू नका. ही चूक आम्ही केली आहे. भिंत खरखरीत असते, तिथं ते धरतं. कागदावर वाळल्यावर झडतं. आम्ही वीस-बावीस शुभेच्छापत्रं केली, पेटीत ठेवली, महिन्यानं उघडली तर तळाला पांढरी भुकटी आणि उरलेल्या नक्षीवर झुरळं. पीठच ते, खाणारच.

रंगाला धरून ठेवतो तो डिंक. पेटीतल्या पाण्याच्या रंगातही बाभळीच्या जातीच्या झाडाचाच डिंक असतो. आपल्याकडं बाभळीचा मिळतो, रानात धावड्याचाही मिळतो. एक वाटी डिंक दोन वाट्या पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा. गेरू कुटून वस्त्रगाळ करा. मग थोडा डिंक, थोडा गेरू, आणि पालथ्या वाटीनं फरशीवर घोटायचं, चटणी वाटतो तसं. दोन थेंब मध टाकला तर रंग तडकत नाही. पांढरा हवा असेल तर पिठाऐवजी खडूची वस्त्रगाळ पूड घ्या, तिला झुरळं तोंड लावत नाहीत. कागदावर एक पट्टा ओढून वाळू द्या आणि बोट घासा. बोटाला रंग आला तर डिंक कमी पडला. पट्टा चमकतो आणि चिरा पडतात तर डिंक जास्त झाला. दोन-तीनदा केलं की हाताला कळतं, मीठ कळतं तसं.

पावसाळ्यात हे रंग बाटलीत कुबट होतात, वर बुरशी येते. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला काय सांगायचा, चार महिने कपडे वाळत नाहीत तिथं डिंक काय टिकणार. लवंगाच्या तेलाचा एक थेंब बाटलीत टाकला की बरेच दिवस टिकतं. तरी आम्ही पावसाळ्यात थोडाथोडाच रंग करतो.

आता उरले पाण्याचे रंग, सगळ्यात हट्टी. इथं पांढरा रंग नसतोच, पांढरा म्हणजे कागद. जिथं उजेड हवा तिथं कागद आधीच मोकळा सोडायचा. फिक्यापासून गडदाकडं जायचं. आणि ओला हात एकदा लागला की थांबता येत नाही. जव्हारच्या हनुमान पॉइंटवरून पावसाळ्यात दरीत ढग उतरतात ते काढायचं, तर कागद ओला करून, फळी जरा उतरती ठेवून, भरल्या कुंचल्यानं रंग वरून खाली न्यायचा. मध्येच उठलात तर रंग कडेला साचून वाळतो आणि ढगाला काठ येतो. तो काठ परत जात नाही. कोळसा थांबतो, पाणी थांबत नाही.

म्हणून याला सलग अर्धा तास लागतो, ज्यात कुणी हाक मारणार नाही असा. आमच्यात एकीनंही असा अर्धा तास घरात मिळवून दाखवला नाही. पहाटे करून पाहिलं, तर उजेड नाही. रात्री करून पाहिलं, तर डोळे मिटतात. मग भिशीची युक्ती सुचली. पैशाची भिशी आपण लावतोच, तशी वेळेची लावली. दर गुरुवारी बैठकीनंतर एकीची पाळी. तिची पोरं दुसरी सांभाळते, तिचं पाणी तिसरी भरते, आणि ती अर्धा तास कागद ओला करून बसते. पुढच्या गुरुवारी दुसरी. पहिल्या पाळीला एका घरातून विचारणा झाली, "याचे पैसे किती मिळणार?" आम्ही सांगितलं, काही नाही. त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्या घरातल्या सासूबाईच म्हणाल्या, "आम्ही चौक काढायचो तेव्हा कोण पैसे देत होतं? चार जणी मिळून त्या पोरीचं काम उरकायचोच की." पुढं त्या घरातून प्रश्न आला नाही. सासूबाई आता स्वतः पाळी मागतात, पण चित्र काढत नाहीत, ओटीवर नुसत्या बसून राहतात. आम्ही तेही भिशीत धरलं आहे.

पाण्याच्या रंगाला कागद जाड लागतो. दुकानात ३०० ग्रॅमचा कागद मागा. याचा अर्थ एक मीटर लांब-रुंद कागदाचं वजन ३०० ग्रॅम, साधा झेरॉक्सचा कागद साधारण ७०-८० ग्रॅमचा असतो. हातकागद मिळाला तर फारच छान, तो सुती चिंध्यांपासून करतात आणि पाणी सोसतो. महाग वाटतो, म्हणून आम्ही एक ताव घेऊन त्याचे आठ तुकडे करतो. पातळ कागदच हाताशी असेल तर तो आधी ओला करा, लाकडी फळीवर पसरा आणि चारही कडा भाताच्या खळीनं व वर्तमानपत्राच्या पट्ट्यांनी फळीला चिकटवा. वाळताना कागद ताणला जातो आणि ढोलकीसारखा बसतो. मग रंग दिला तरी फुगून उठत नाही.

काळा रंग पेटीत असला तरी ढगाला वापरू नका, ढग काजळी फासल्यासारखा दिसतो. अल्ट्रामरिन नावाचा निळा आणि बर्न्ट सिएना नावाचा तांबूस तपकिरी, हे दोन मिसळा. आपल्या घाटातल्या पावसाचा राखाडी त्यातून येतो. निळा जास्त तर पाऊस लांब, तपकिरी जास्त तर पाऊस अंगणात.

शेवटी, चित्र टिकवायचं कसं, हा प्रश्न बऱ्याच जणींनी विचारला आहे. पाण्याच्या आणि पोस्टर रंगाची चित्रं ओल आणि ऊन या दोन्हींपासून लांब ठेवा, चुलीच्या वरच्या फळीवर नको. कोळशाचं चित्र बोट लागलं की फिसकटतं. पूर्वी काही चित्रकार त्यावर पाणी घातलेलं दूध शिंपडत, व्हिन्सेंट व्हॅन गॉगसुद्धा. आपल्या हवेत दुधाला बुरशी धरेल असं आम्हाला वाटतं, म्हणून आम्ही वर पातळ बटर पेपर ठेवून पत्र्याच्या पेटीत सपाट ठेवतो. काच लावली तर सगळ्यात बरं, फक्त काच कागदाला चिकटू द्यायची नाही, मध्ये पुठ्ठ्याची कड ठेवायची.

आमच्यातल्या एकीची आई मागच्या श्रावणात गेली. फोटो म्हणून घरात आधार कार्डावरचा एकच, तोही ओळखू न येणारा. पण हिनं दोन वर्षं भाकरी करता करता चुलीपाशी बसलेल्या आईची कोळशाची चित्रं काढली होती, खाकी कागदावर, बहुतेक अर्धवट. त्यातलं एक पूर्ण होतं. बाराव्याला तेच भिंतीला लावलं. मोठ्या मावशीनं येऊन गालावरून हात फिरवला आणि उजवा गाल कानापर्यंत पुसला गेला. आम्ही म्हटलं, तेवढा गाल परत काढ, तुझ्या हाताला पाठ आहे. ती तयार नाही, मावशीची बोटं तशीच राहू दे म्हणते. काच मात्र लावायची आहे. त्या मापाची चौकट बाजारात मिळाली नाही, म्हणून सुताराला सांगितलं आहे.